पन्नाशीत एफ कॉर्ड

आज गिटारच्या क्लासमध्ये सरांनी एफ कॉर्ड दाखवला. कॉर्ड म्हणजे काही सूर एकदम वाजवणं. सर माझ्या पुतण्याच्या वयाचे. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘काका’. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या, बाकीची तीन बोटं आपापल्या जागी. सरांचा कॉर्ड खणखणीत वाजतो, माझा नुसता ‘थप्प’. जी आणि सी हे कॉर्ड कसेबसे बसले होते, तेवढ्यात हे नवीन लचांड!

बोटांची टोकं आधी सोलली, आता घट्टे पडताहेत. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ असतात हे खरं, पण मला तो स्टीलचा आवाजच हवाय. हौसेला मोल नाही.

त्यात आपला जळगावचा उन्हाळा. दुपारी तारा तापून सैल पडतात, सूर उतरतो. कूलरसमोर बसावं तर दमट हवेनं लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात आणि दाबायला आणखी जोर लागतो. म्हणून गिटारचा मुक्काम आता मधल्या खोलीत, कव्हरमध्ये. वाजवायच्या आधी रोज मोबाईलवर सहा तारांचा सूर जुळवायचा: ई, ए, डी, जी, बी, ई.

संध्याकाळी आई दारातून डोकावली. “काय करी ऱ्हायना रे? वाजाडस का तोडस?”

कुणी माझ्यासारखंच एफपाशी अडलं असेल तर आधी फक्त चार बारीक तारांवरचा छोटा एफ धरून बघा. उद्यापासून मीही तोच धरणार.