गॅस कोणी पेटवला?

चार वर्षं झाली, मी इस्राएलमध्ये पेताह तिक्वाला एका आजींना सांभाळते. त्यांना मी सावता म्हणते, हिब्रूत आजीला तोच शब्द. सावता मूळच्या पोलंडच्या. दर शुक्रवारी त्यांच्या घरी कोंबडीचं सूप, यिडिशमध्ये ‘योइख’, व्हायलाच हवं.

ते मला त्यांनीच शिकवलं. मान, पंख आणि पाय थंड पाण्यात घालायचे आणि पांढरा फेस शेवटपर्यंत काढत राहायचं. कांदा सालासकट, म्हणजे रंग सोनेरी येतो. गाजरं, सेलरीचा कंद, पार्सलीचं मूळ. शेपू अगदी शेवटी. आच एवढीच की मधूनच एखादा बुडबुडा वर यावा. खळखळून उकळलं की चरबी पाण्यात मिसळते आणि सूप गढूळ होतं. असे तीन तास. मीठ चाखल्याशिवाय घालायचं नाही, कारण कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे कापलेली, कोंबडी रक्त उतरावं म्हणून आधीच तासभर मिठात ठेवलेली असते. पहिल्या आठवड्यात मी ते खारट करून ठेवलं होतं.

आणि गॅस पेटवायचा तो सावतांनीच. ज्यू नसलेल्या माणसाने एकट्याने रांधलेलं त्यांना चालत नाही. पेटवणारा हात घरचा असला की बाकी सगळं मी केलं तरी चालतं. सुरुवातीला मला ते आपल्याकडच्या सोवळ्यासारखं वाटलं, रागही आला. पण पहिली वाटी त्या नेहमी मलाच द्यायच्या. मग राग राहिला नाही.

यंदा त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, पडताना डावं मनगट मोडलं. वाचाही एखाद्या शब्दापुरती उरली. वॉर्डातली एक नर्स बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू, निघाली, आईवडील अलिबागकडचे. घरी सोडताना मराठीत म्हणाली, “तिला तिचं सूप दे गं, पण पातळ नको, फुप्फुसात जाईल.” डिस्चार्जच्या कागदावर गिळण्याबद्दल एक ओळ होती, तीही मला वाचता न येणाऱ्या अक्षरात. रुग्णाला घरी भरवणाऱ्या बाईला कोणी काही सांगायची तसदी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सावतांच्या मुलीचा फोन आला, विकतचं पाठवते म्हणाली. वाईट नाही ती, पण आईजवळ तासाभरापेक्षा जास्त कधी बसत नाही. इकडे सावतांची नजर शेगडीवरून हलेना. सूर्य मावळला की शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो. त्याआधी सगळं शिजवून शब्बाथच्या गरम तव्यावर, प्लाटावर, ठेवायला हवं होतं.

मी व्हीलचेअर शेगडीला लावली. आमच्या शेगडीची खुंटी आत दाबून फिरवावी लागते आणि ज्योत टिकेपर्यंत चार-पाच सेकंद तशीच दाबून धरावी लागते. त्यांची उजवी बोटं खुंटीवर ठेवली, वर माझा तळहात ठेवला आणि दाबलं. टिक्‌ टिक्‌ झालं, ज्योत आली. त्यांनी मान वळवून विचारलं, “अनी?” मी?

“केन, सावता. आत.” हो, तुम्हीच.

तीन तासांनी सूप फडक्यातून गाळलं. नितळ, सोनेरी. त्यात घट्ट करायची पावडर घालताना जिवावर आलं. रंग मेला, पेज झाली. पाठ ताठ, हनुवटी खाली, अर्धा चमचा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत पुढचा चमचा नाही. असे अकरा चमचे गेले, एकदाही ठसका नाही. शेवटच्या चमच्यानंतर त्यांनी डोळे मिटले.

असं पेटवलेलं चालतं का, हे त्यांच्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारावं, असं आठवडाभर मनात येतंय. ते नाही म्हणाले, तर सावतांना काय सांगू? चार वर्षांत त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते.

काल फिजिओथेरपिस्ट म्हणाली, उजव्या तर्जनीत किंचित हालचाल दिसतेय. तेव्हापासून आठवून बघतेय, त्या सकाळी माझ्या तळव्याखाली काही हललं होतं का.