पोटावरचा पिवळा चौकोन

आतड्याच्या ऑपरेशनपासून मला कायमची इलिओस्टोमी आहे. म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलेलं आणि त्यावर एक पिशवी चिकटवलेली. कपड्यांवरून कुणाला कळत नाही. ऑफिसात शेजारी बसणाऱ्यांनासुद्धा माहीत नाही. विमानतळावरच्या बॉडी स्कॅनरला मात्र दीड-दोन सेकंदांत कळतं.

धातू शोधणाऱ्या साध्या चौकटीतून मी बिनबोभाट जाते, कारण पिशवीत धातू नसतोच. माझ्या मावशीचं बरोबर उलटं. तिचा गुडघ्याचा सांधा बदललाय, त्यामुळे चौकट दर वेळी ओरडते, आणि बॉडी स्कॅनर आला की ती सुटकेचा निःश्वास टाकते. स्कॅनरच्या मिलिमीटर लहरी कपड्यांतून आरपार जातात आणि कातडीवरून परततात. कातडीच्या आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. बाहेर जे काही असेल, धातू असो वा प्लास्टिक, ते दिसतं. थोडक्यात, मावशीचं गुपित आत आणि माझं बाहेर.

पहिल्यांदा त्या काचेच्या कोठडीत उभी राहिले तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. पाय जमिनीवरच्या खुणांवर, हात डोक्याच्या वर. बाहेर आले तर पडद्यावर लहान मुलं काढतात तसला एक माणूस, ना चेहरा ना बोटं, आणि त्याच्या पोटावर उजवीकडे पिवळा चौकोन. तिथली बाई म्हणाली, "पोटाला काय बांधलंय?" मी हळू आवाजात सांगितलं. तिला कळलं नाही. पुन्हा सांगितलं. मग तिने माझंच उत्तर प्रश्न करून मोठ्याने विचारलं. पट्ट्यावरून बूट उचलणारे पाच-सहाजण वळून बघायला लागले. नियमाबाहेरचं काही घडलं नाही, कुणी हात लावून छळलं नाही. पण जे मी घरच्यांनाही जपून सांगितलं होतं, ते अनोळखी माणसांसमोर दोनदा बोलले.

घरी येऊन वाचायला बसले. या यंत्रांवर खासगीपणाचं मोठं भांडण होऊन गेलेलं आहे. 2009 च्या नाताळात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटकं लपवून ॲम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात चढण्यात यश मिळवलं, आणि त्यानंतर अमेरिकेने स्कॅनर भराभर बसवले. तेव्हा त्यात माणसाच्या उघड्या शरीराची आकृती उमटायची, आणि दुसऱ्या खोलीत बसलेला कर्मचारी ती पाहायचा. चित्रं साठवली जात नाहीत, असं सांगितलं जायचं. पण 2010 मध्ये फ्लोरिडातल्या एका न्यायालयाच्या दारावरच्या स्कॅनरने सुमारे 35,000 चित्रं साठवल्याचं बाहेर आलं, म्हणजे साठवता येत होती हे तर स्पष्टच झालं. पुढे 2011 मध्ये युरोपीय संघाने दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे मिलिमीटर लहरींऐवजी क्ष-किरणांवर चालणारे स्कॅनर विमानतळांसाठी नाकारले. 2012 च्या अमेरिकी कायद्याने खऱ्या चित्राऐवजी सरसकट एकच बाहुली दाखवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं केलं. क्ष-किरणांच्या यंत्रांना ते जमलं नाही, आणि 2013 मध्ये ती तिथल्या विमानतळांवरून गेली.

ते भांडण जिंकलं गेलं आणि ते योग्यच झालं. जुनी चित्रं परत आणा असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण त्या विजयात माझ्यासारख्यांचा हिशोब कुणी केलेला दिसत नाही. तेव्हा बंद खोलीतल्या एकाला सगळं दिसायचं. आता कुणालाच काही दिसत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं, तेही भर रांगेत. अपेक्षेपेक्षा वेगळं काही असलं की चौकोन उमटतो. दाट वेण्या, पगडी, कृत्रिम स्तन, सगळ्यांची तीच गत. ट्रान्सजेंडर प्रवाशांचे हाल तर विचारू नका. अमेरिकेत कित्येक वर्षं कर्मचारी आधी अंदाजाने स्त्री किंवा पुरुषाचं बटण दाबायचा आणि यंत्र त्यावरून ठरवायचं की कुठे काय असायला हवं.

पुढे अमेरिकेत जायची वेळ आली तेव्हा तयारीने गेले. तिथे विमानतळांवरची तपासणी टीएसए ही सरकारी संस्था करते, आणि तिची टीएसए केअर्स नावाची हेल्पलाइन आहे. प्रवासाच्या 72 तास आधी कळवलं तर मदत ठरवून देतात. शिवाय आजाराची माहिती लिहिलेलं एक छोटं कार्ड मिळतं. रांगेत लागण्याआधी पिशवी रिकामी केली, आणि स्कॅनरमध्ये शिरण्यापूर्वीच कार्ड पुढे केलं. तोंडाने एक शब्द बोलावा लागला नाही. अधिकारी बाईंनी वाचलं, मान हलवली. चौकोन यायचा तो आलाच. मी म्हटलं, पुढची तपासणी वेगळ्या खोलीत करू या. तो हक्क कुठल्याही टप्प्यावर मागता येतो, सोबतचं माणूसही नेता येतं. माझं सामानही आत घ्यायला लावलं, ते नजरेआड ठेवायचं नाही.

खोलीत दोघी होत्या, दोघी बायकाच. कपडा वर करायचा नसतो, पिशवी दाखवायची नसते. मी स्वतःच कपड्यावरून पिशवीवर हात फिरवला, मग माझ्या तळव्यांवरून त्यांनी कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घातली. स्फोटकांचे कण आहेत का ते बघायला. त्या दिवशी हाताला मुद्दाम क्रीम लावलं नव्हतं, ग्लिसरीनमुळे कधीकधी यंत्र उगाच शंका घेतं. पट्टी स्वच्छ निघाली. "झालं," म्हणाल्या.

स्कॅनरला थेट नकारही देता येतो, मग हाताने झडती होते. युरोपात तो पर्याय नियमातच आहे. अमेरिकेत डिसेंबर 2015 पासून काही प्रवाशांना स्कॅनर सक्तीचा करता येतो. मी नकार देत नाही. पूर्ण अंगाच्या झडतीपेक्षा एक चौकोन परवडला.

खटकते ती पडद्याची जागा. तो बाहेर पडायच्या बाजूला असतो, सामान गोळा करणाऱ्यांना सहज दिसेल असा. त्याला आडोसा करायला काय खर्च येणार आहे? तोवर मी बाहेर आले की पडद्याला पाठ लावून उभी राहते. कुणी बाजूला व्हायला सांगितलं तर होते, पण सावकाश.