झाड आधी, अळंबी नंतर

पहिल्या पावसाळ्यात मी इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात सात रविवार घालवले आणि रसुला नावाची अळंबी एकदाही सापडली नाही. वारुळावर उगवणाऱ्या पांढऱ्या अळंब्या दिसल्या, कुजक्या ओंडक्यांवरचे कडक पंखे दिसले, शेणावर सकाळी उभ्या राहून दुपारी वितळणाऱ्या छत्र्यासुद्धा दिसल्या. मला हवी होती ती खडूसारखी मोडणारी.

शेवटी फोटो घेऊन आमच्या सुदामानगरातल्या काकांकडे गेले. त्यांनी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मोबाइल हातात घेण्याआधीच त्यांनी विचारलं, "झाडं कुठली होती?"

"साग, पळस, धावडा."

"मग ती तिथे येईल कशी? आधी सालवृक्ष कुठे आहेत ते बघ."

रसुला नुसत्या पाचोळ्यावर जगत नाही. तिचे तंतू जिवंत झाडाच्या बारीक मुळांच्या टोकांवर गवसणीसारखे चढतात. मातीतलं पाणी आणि फॉस्फरस झाडाला देतात, झाडाकडून साखर घेतात. सागाची सोबत वेगळ्या बुरश्यांशी असते. त्या मुळांच्या पेशींत शिरतात आणि त्यांना अशी छत्री येत नाही. सालाच्या मुळांवर मात्र रसुला जमते. आमच्या माळव्यात सालाचं जंगल नाही. ते पूर्वेला, मंडला, डिंडोरी, अमरकंटककडे. त्यातल्या त्यात जवळ पचमढी, जिथे साग आणि साल एकाच डोंगररांगेत भेटतात. हे आधी कळलं असतं तर सात रविवार वाचले असते. पण सागाखाली काय येतं ते तेवढ्यात पाहून झालं, याचंही मला मोल वाटतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये नर्मदा एक्स्प्रेसने पिपरिया, तिथून सुमारे ५० किलोमीटर घाट चढून पचमढी. बरोबर काकांनी दिलेला छोटा गोल आरसा होता. गाइडने पहिल्याच वळणावर बजावलं, "दीदी, कुछ तोड़ना मत." राखीव जंगल आहे, तोडायचं नाहीच. म्हणून तो आरसा. अळंबीच्या बाजूला जमिनीवर तिरका धरला की छत्रीखालच्या पात्या दिसतात, अळंबी जागची हलत नाही.

दुसऱ्या दिवशी सालाच्या मुळाशी पहिली दिसली. गुलाबी-लाल टोपी, मधोमध किंचित खोलगट, कडेला बारीक रेघा. आरशात पात्या पांढऱ्या, सरळ, एकसारख्या. दांडा गोरा, त्यावर कडं नाही. बुडाशी पाचोळा बोटाने हळूच सारून पाहिला, पेल्यासारखी पिशवी नाही. कडं आणि पिशवी दोन्ही असलेल्या अळंब्यांत जीवघेण्या जाती आहेत, म्हणून ही दोन स्थळं मी कधीच गाळत नाही. मग पाऊस आला. तासाभराने परत पाहिलं तर टोपीचा मधला भाग फिका झाला होता. रसुलांचा रंग पावसात असा धुऊन जातो, तेव्हा नुसत्या रंगावर विसंबून नाव द्यायचं नाही, हे तिथे उभं राहूनच पटलं.

मोडून बघायचं राहिलंच होतं. पायवाटेवर गुरांच्या खुराखाली आलेली एक आडवी पडली होती. दांड्याचे तुकडे खडूचे असावेत तसे, रेषा नाहीत, धागे नाहीत. इतर बहुतेक अळंब्यांचा दांडा उभा तंतुमय सोलला जातो. रसुलाच्या गरात गोल पेशींचे पुंजके असतात, म्हणून तो काडकन तुटतो. तुटल्या जागी चीक आला असता तर ती तिची बहीण, लॅक्टेरियस. चीक नव्हता. शेजारच्या एकीच्या खाली पडलेल्या सालाच्या पानावर साईच्या रंगाची भुकटी जमली होती: तिचे बीजाणू. घरी कागदावर ठसा घेतात तो इथे पानानेच घेतला होता. हा रंग पांढऱ्यापासून गडद पिवळ्यापर्यंत जातीगणिक बदलतो, त्यामुळे तो टिपून ठेवणं फार गरजेचं.

परत आल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच, खातात का? सालाच्या पट्ट्यातले लोक काही जाती पिढ्यान्‌पिढ्या खातात, आणि त्यांचं ते ज्ञान माझ्या आरशातून येणारं नाही. जपान आणि चीनमध्ये रसुला सबनिग्रिकन्सने स्नायू विरघळून माणसं दगावली आहेत. युरोपात ओळख पटवायला कणभर चाखून थुंकतात; मी तेही करत नाही, नवख्यांनी तर मुळीच करू नये.

काकांनी फोटो पाहिले, बराच वेळ पाहिले. "रसुला आहे. जात सांगता येणार नाही, बीजाणूंवरची खरखर सूक्ष्मदर्शकाखाली आयोडीन घालून बघावी लागते." १७९६ साली बुरशीशास्त्रज्ञ पर्सूननं ही प्रजाती वेगळी काढली, आज तिच्यात शेकड्यांनी जाती आहेत. वहीत मी लिहिलं: रसुला, जात अनिश्चित, सालाखाली, बीजाणू साईच्या रंगाचे. खाली त्या झाडाची खूण काढली, वाकडी फांदी आणि पायथ्याचा दगड. तंतू मातीत राहतातच, तेव्हा पुढच्या ऑगस्टला त्याच झाडाशी जायचंय.