बारीक बोरांसाठी लक्ष्मी मंडईत

काल सकाळी साडेसातलाच मी आणि लेक लक्ष्मी मंडईत हजर झालो. नातवाची पहिली संक्रांत आहे, बोरन्हाण घालायचंय. परवा लेकीनं फोनवरून बोरं मागवली होती. दहा मिनिटांत दारात आली, पण निघाली ॲपल बोरं. एकेक लिंबाएवढं, हिरवंगार, चवीला पाणचट. आमच्या जुळे सोलापुरात कोपऱ्यावरच्या गाडीवरही तीच. नऊ महिन्यांच्या लेकराची टाळू अजून पुरती भरलेली नाही, त्याच्या डोक्यावर असलं बोर कोण सोडेल? बोरन्हाणाला गावरान बोरच पाहिजे, सुपारीएवढं. म्हटलं, चल मंडईत.

रिक्षा मुद्दाम होम मैदानावरून घ्यायला सांगितली. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, पाळणे उभे राहिले होते, एकाला अजून खुर्च्या लावायचं काम चालू होतं. चार पुतळ्यांपाशी हारांची लगबग दिसली. १२ जानेवारी ना. १९३१ साली याच तारखेला सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. लहानपणी शाळेत ही चार नावं आम्हाला एका दमात म्हणायला लावायचे. काल लेकीला म्हणून दाखवली, आणि मंडईत शिरले तर तशाच चार तऱ्हांच्या नावांची माणसं एकमेकांना कोपर लावत भाजी घेत होती.

ही मंडई ब्रिटिशांच्या काळातली. उंच छपराखाली थंडी दाटून राहते, त्यामुळे बाहेर ऊन आलं तरी आत बायकांच्या डोक्याला शाली होत्या. एरवी मी इथं दोन-तीन महिन्यांतून एकदा येते, पण भोगीच्या आदल्या दिवशी चुकवत नाही. वर्षभर भाज्यांचे ढीग वेगवेगळे असतात, काल ते सगळे एकात एक मिसळले होते. हरभऱ्याचे घाटे, पावटा, घेवडा, गाजर, काटेरी वांगी, वर उसाचं एखादं कांडं. “भोगी घ्या, भोगी!” अशीच हाळी. प्लास्टिकच्या पाकिटात चिरून भरलेली भोगीही आता मिळते. मी ती घेत नाही. आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी परातीभोवती बसून पावटा सोलायचा, सोलाणे काढायचे, त्यातले निम्मे पोरांनी कच्चेच खायचे, ही भोगीची सुरुवात आहे. चिरून आलेल्या पाकिटात ती रात्रच नसते.

पण बोरं? पहिल्या रांगेत उमराण, दुसऱ्या रांगेत चमेली. आपला जिल्हा बोरांचाच, कमी पाण्यावर तग धरणारं झाड, त्यामुळे बागाच्या बागा आहेत. मात्र बागेतलं बोर मोठं. बारीक बोर बांधावरचं, कुणी न लावलेलं, आणि बांध रुंदीकरणात, नांगरटीत गेले तसं तेही कमी झालं. तीन ठिकाणी विचारलं. एकजण म्हणाला, “मावशी, त्याला गिऱ्हाईक कुठंय ओ आता?” मला ते लागलं. मी उभीच होते की समोर.

शेवटी पार टोकाला, भिंतीलगत एक आजी सापडली. पुढ्यात पोतं अंथरलेलं, त्यावर बोरांचा ढीग. पिवळी, तांबूस, काही सुरकुतलेली. मापटं तिच्या मांडीवर. मी विचारायच्या आत ती म्हणाली, “बोरन्हाण का?” लेकीच्या कडेवर लेकरू नव्हतं, ते घरी झोपलं होतं. तरी ओळखलं तिनं.

माझ्याआधी दोघी होत्या. एकीनं “बारीहण्णु एष्ट?” विचारलं, तिच्याशी आजी कानडीत बोलली. दुसरी पूर्व भागातली, तेलुगू. तिला रेगीपंड्लु हवी होती. तिच्या घरीही नातू आहे. तेलुगू लोकांत भोगीला लेकरांच्या डोक्यावरून बोरं ओततात, भोगीपळ्ळु म्हणतात त्याला. आमचं बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, त्यांना भोगीलाच पाहिजे. म्हणून मी तिला आधी घेऊ दिलं. तिनं मापटंभर घेतली आणि माझ्याकडे बघून “तुमचा केवढा?” असं मराठीत विचारलं. तिचा दहा महिन्यांचा, माझा नऊचा. दात किती आले, कुणाला धरून उभा राहतो का, सगळं बोलून झालं. पोत्यावरची बोरं एकच होती, आम्ही तिघी तीन नावांनी घेत होतो.

लेक ओंजळीनं बोरं पिशवीत टाकायला लागली तर आजीनं तिचा हात धरला. एक बोर उचललं, अंगठ्यानं फिरवून देठाची बाजू वर केली. “इथं बघायचं. भोक असलं की आत अळी.” तिच्या अंगठ्याचं नख चिरलेलं, काट्यांनी बोटं काळवंडलेली. बघता बघता तिनं पाच-सहा बाजूला टाकली. मग म्हणाली, “डोक्यावर नको सोडू. खांद्यावरनं सोड. चुरमुरे डोक्यावर, बोरं खांद्यावर. आणि पिशवीत ठेवू नको, घाम सुटतो त्यांना. फडक्यावर पसर.” हलव्याच्या दागिन्यांपासून काळ्या झबल्यापर्यंत लेकीनं सगळं फोनवर बघून ठेवलं होतं. एवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं.

बाहेर सुगडं घेतली. विकणारी कुंभारीण सुगड बोटानं वाजवून देत होती. आमच्या सोलापुरात संक्रांत म्हणजे कुंभाराच्याच लेकीचं लग्न. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांवर तिचा जीव जडला, त्यांनी योगदंडाशी विवाह करायला परवानगी दिली, आणि त्याच अक्षता आजही सम्मती कट्ट्यावर पडतात. अशा गावात सुगडाला घासाघीस करायला माझं मन धजत नाही. मागितले तेवढे दिले. काळे तीळ, गूळ, शेंगापोळीसाठी शेंगदाणे घेतले आणि निघालो.

आज भोगी झाली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, ती परातीतली भाजी. संध्याकाळी हे यात्रेतल्या नंदीध्वजांच्या दर्शनाला गेले होते, कपाळाला विभूती लावून परतले. उद्या संक्रांत, बोरन्हाण परवा.

आत्ता रात्रीचे दहा वाजलेत. बोरं पुढच्या खोलीत माझ्या जुन्या नऊवारीवर पसरलीत. लेक दिव्याखाली बसून एकेक बोर अंगठ्यानं फिरवतेय, देठ वर करून बघतेय. आतापर्यंत अकरा बाजूला काढलीत तिनं.