दोन कप, तिसरा कुठेय?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून कमिटीचा मेसेज आला, सोबत विषयांची यादी पण होती, शाळेचे संस्कार, आवडते शिक्षक, डबा वगैरे. ते सगळं आमच्या बॅचमधले बाकीचे लिहितील, त्यात लिहिणारे चिक्कार आहेत. मी भारताची क्रिकेटपटू दीप्ती शर्मा हिच्यावर लिहिणार आहे. ती आपल्या शाळेची नाही, आग्र्याची आहे, हे मला माहितीये, आणि कमिटीतल्या ज्यांना हे खटकेल त्यांनी हे पान उलटावं.

आमच्या वेळी मुलींना लंगडी, खो-खो आणि फार तर थ्रोबॉल. क्रिकेट मुलांचं. मी मुलांच्यात खेळायचे कारण त्यांना एक भिडू कमी पडायचा आणि बॅट माझ्या दादाची होती, बॅट पाहिजे तर मला घ्यावंच लागायचं, साधा हिशोब. लिंबाच्या झाडापलीकडे गेला की चार, स्टाफरूमच्या काचेला लागला की आऊट आणि वर पळापळ. मग नववीत असताना क्रीडा सप्ताहात पहिल्यांदा मुलींची मॅच ठेवली, टेनिस बॉलवर, अ विरुद्ध ब. त्या सप्ताहात रन्समध्ये मी दुसरी आले आणि विकेट्समध्ये पण दुसरी. गॅदरिंगला स्टेजवर कप दोनच, उत्कृष्ट फलंदाज आणि उत्कृष्ट गोलंदाज. मला सहभागाचं सर्टिफिकेट मिळालं, नावात काना चुकलेला. पीटीच्या सरांना विचारलं तर म्हणाले, अगं तू दोन्हीत चांगली आहेस, पण पहिली कशातच नाहीस ना.

हे वाक्य माझ्या डोक्यात इतकी वर्षं आहे आणि दीप्ती खेळायला लागल्यापासून तर जास्तच वाजतं.

तिची सुरुवातच बघा. ना बॅट ना बॉल, थ्रो. वडील रेल्वेत, मोठा भाऊ सुमित क्रिकेट खेळायचा, त्याच्या मागे लागून ही लहानगी आग्र्याच्या ग्राउंडवर जाऊन बसायची. एक दिवस बॉल हिच्याकडे आला, हिने लांबून फेकला तो थेट स्टंपवर. तिथे हेमलता काला होत्या, भारताकडून खेळलेल्या. त्यांनी विचारलं ही कोण, आणि हिला खेळवा म्हणून सांगितलं. पुढे भावाने चांगली नोकरी सोडून हिच्यावर मेहनत घेतली. आधी मीडियम पेस टाकायची, मग ऑफस्पिनवर आली. बॅटिंग डावखुरी, बॉलिंग उजव्या हाताने. 2014 ला इंडियाकडून पहिली वनडे खेळली तेव्हा सतरा वर्षांची होती.

2017 च्या मे महिन्यात साउथ आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूमला आयर्लंडविरुद्ध ती ओपनिंगला आली आणि 188 मारले, 160 बॉलमध्ये. दुसऱ्या बाजूला आपली मुंबईची पूनम राऊत, तिचे 109. दोघींची पार्टनरशिप 320, बायकांच्या वनडेत तीनशेच्या वर जाणारी पहिलीच. पण ही मॅच कोणी बघितली? टीव्हीवर नव्हती. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात चार ओळी होत्या, मी कापून ठेवल्यात.

आणि मग लोकांना दीप्ती माहिती झाली ती कशामुळे, तर इंग्लंडच्या चार्ली डीनमुळे. 24 सप्टेंबर 2022, लॉर्ड्स, झूलन गोस्वामीची शेवटची मॅच. इंग्लंडची शेवटची जोडी, जिंकायला 17 हव्यात, डीन 47 वर, बॉलरच्या टोकाला उभी आणि बॉल टाकायच्या आधीच क्रीज सोडून पुढे जातेय. दीप्तीने बॉल न टाकता तिच्या बाजूची बेल उडवली. मॅच संपली. काय गदारोळ झाला! खेळभावना, सभ्य माणसांचा खेळ, सगळं बाहेर आलं. मला विचाराल तर आऊट म्हणजे आऊट. नियमात तेव्हाही होतं, आणि आठवड्याभरात लागू झालेल्या नव्या नियमांत तर ते अनफेअर प्लेच्या कलमातून काढून सरळ रनआऊटच्या कलमात टाकलं.

असं आऊट करण्याला मंकडिंग म्हणतात ते भारताच्या विनू मंकडवरून, 1947 ला सिडनीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असं आऊट केलं म्हणून. आता गंमत बघा. मंकड ऑलराउंडर, ही ऑलराउंडर. ते बॅटिंग उजवी आणि बॉलिंग डावी, ही बरोबर उलटी, आरशात बघितल्यासारखी. मंकड कसोटीत पहिल्यापासून अकराव्यापर्यंत सगळ्या नंबरवर खेळले, हिलाही ओपनिंगपासून पार खालपर्यंत कुठेही पाठवलंय. मंकड आणि पंकज रॉयची 1956 ची 413 ची ओपनिंग पार्टनरशिप, जी पन्नास वर्षांवर रेकॉर्ड होती, आणि हिची पूनमबरोबरची 320. आणि दोघांचं नाव लोकांच्या तोंडी येतं ते त्या एका रनआऊटसाठी. सरांना हे सांगायला पाहिजे होतं.

तिचं सगळं गोडच आहे असंही नाही. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये ख्राइस्टचर्चला साउथ आफ्रिकेविरुद्ध शेवटची ओव्हर तिच्याकडे होती, सात रन वाचवायचे. मिन्यॉं ड्यू प्रीचा कॅच घेतला गेला, आपण घरात ओरडलो, आणि तो निघाला नो बॉल. स्पिनरचा नो बॉल! शेवटच्या बॉलवर मॅच गेली आणि वर्ल्ड कपमधून बाहेर. त्या रात्री तिला लोकांनी काय काय लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही. 2025 च्या वर्ल्ड कपमध्ये इंदूरला इंग्लंडविरुद्ध पण तेच, चार विकेट काढल्या, वर पन्नास केले, आणि जिंकत आलेली मॅच असताना मोठा फटका मारायला जाऊन आऊट झाली, आपण चार रननी हरलो. चार विकेट कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत, फटका राहिला. दोन्ही कामं करणाऱ्याचं असंच असतं, चुकायला जागा पण दोन मिळतात.

कसोटीत मात्र नवी मुंबईच्या डीवाय पाटील स्टेडियमवर डिसेंबर 2023 मध्ये तिने इंग्लंडला अक्षरशः गुंडाळलं. आधी 67 रन, मग सात रन देऊन पाच विकेट, दुसऱ्या डावात अजून चार. आपण 347 रननी जिंकलो. डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे बायकांच्या आयपीएलमध्ये, यूपी वॉरियर्झने 2.60 कोटीला घेतलं, 2024 ला दिल्लीविरुद्ध 59 आणि हॅटट्रिक, मॅच एका रनने जिंकली. लॉर्ड्सवर तर द हंड्रेड या इंग्लंडच्या शंभर बॉलच्या स्पर्धेच्या फायनलला लंडन स्पिरिटकडून सिक्स मारून मॅच संपवली, ऑगस्ट 2024, तेच ग्राउंड. इंग्लंडच्या लोकांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या म्हणे, बरं झालं.

2 नोव्हेंबर 2025, वर्ल्ड कपची फायनल, त्याच डीवाय पाटीलला. मी नेरुळला राहते, स्टेडियमचे लाइट आमच्या गच्चीवरून दिसतात, पण तिकीट काही मिळालं नाही. पाऊस पडला, मॅच दोन तास उशिरा सुरू झाली. समोर परत साउथ आफ्रिका. दीप्ती 58 करून इनिंगच्या शेवटच्या बॉलवर रनआऊट. मग बॉलिंग. त्यांची कॅप्टन वोल्वार्ट 101 वर खेळत होती, ती असेपर्यंत कोणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता, दीप्तीच्या बॉलवर तिने उंच मारला आणि अमनजोतच्या हातातून तो एकदा सुटला, परत उडाला, शेवटी पकडला. त्याच ओव्हरमध्ये ट्रायन एलबीडब्ल्यू. आमच्या मोबाइलवरचं चित्र काही सेकंद मागे असतं, त्यामुळे आमचं असं झालं की खिडकीतून आधी स्टेडियमचा आवाज यायचा आणि मग स्क्रीनवर ती बॉल टाकायला धावत यायची. शेवटच्या विकेटला पण तसंच. बाहेर फटाके सुरू झाले, सोसायटीत कोणीतरी ताट बडवायला लागलं, आणि स्क्रीनवर डी क्लर्क अजून स्टान्स घेत होती. मग तो कॅच हरमनप्रीतने मागे पळत घेतला, पण आम्हाला उत्तर आधीच माहिती होतं.

39 रनमध्ये पाच विकेट, वर 58. वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये पन्नास आणि पाच विकेट असं आधी पुरुषांतसुद्धा कोणी केलं नव्हतं. आणि मॅन ऑफ द मॅच? शफाली. तिचे 87 आणि दोन विकेट. शफाली भारीच खेळली, ऐनवेळी टीममध्ये आली होती पोरगी, माझी तक्रार नाही. पण मी सोफ्यावरून मोठ्याने "सर!" असं म्हणाले, मुलीला काही कळलं नाही. पाच मिनिटांनी प्लेअर ऑफ द टूर्नामेंटचं नाव आलं, दीप्ती शर्मा, 215 रन आणि 22 विकेट, एका वर्ल्ड कपमध्ये दोनशे रन आणि वीस विकेट करणारी पहिलीच.

आता मुद्द्याचं. आमच्या बॅचने यावर्षीपासून क्रीडा सप्ताहासाठी तिसरा कप द्यायचं ठरवलंय, अष्टपैलू खेळाडूचा, मुलींचा वेगळा आणि मुलांचा वेगळा. पैसे जमलेत. भांडण गुणांवरून चालू आहे. ग्रुपवरचे दोन इंजिनिअर म्हणतात एका विकेटला वीस रन धरायचे, एका कॅचला पाच. बँकवाला म्हणतो शाळेच्या मॅचमध्ये विकेट स्वस्त असतात, वाइड टाकूनच अर्धे रन होतात, दहाच धरा. माझं म्हणणं डायरेक्ट हिट थ्रोला पण दहा गुण द्या, पंचांनी वेगळी खूण करून ठेवायची, काही अवघड नाही. हे जानेवारीच्या आत ठरलं पाहिजे, त्यामुळे ज्यांना मत आहे त्यांनी कमिटीकडे कळवा, आणि कपावर नाव कोरताना काना-मात्रा आधी मुलीकडून तपासून घ्या.