नव्या बेसचा ब्रिज पाच मिलिमीटर पुढे

बरीच वर्षं साध्या बेस गिटारवर काढली. मग पैसे साठवून, चार वाद्यं हाताळून आणि वाजवून पाहून हा महागडा बेस घेतला. लाकूड सुरेख, वजन खांद्याला झेपेल असं, आणि आवाज असा की खालची ई तार छेडली की छातीत जाणवावी. म्हणूनच त्यातले दोष कळायला वेळ लागला, आणि ते दोष आहेत हे समोरच्याला पटवायला त्याहूनही जास्त. अशा वेळी काय तपासायचं, कशाची तक्रार करायची आणि कशाची नाही, हे एका जागी सांगणारं मला कुणी भेटलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बेसमधला दोष लपतो फार चांगला. मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झची असते. इतक्या खालच्या स्वरात थोडा फरक पडला तर कानाला तो चटकन पकडता येत नाही. छोट्या स्पीकरमधून तर मूळ स्वर जवळजवळ येतच नाही, आपण वरचे हार्मोनिक, म्हणजे त्याच्या पटीतले वरचे सूर, ऐकून तो मनाने भरून काढतो. त्यात ड्रम वाजत असतील तर तारेची खरखरही झाकली जाते. माझ्या बेसची पहिली कुरबूर मला हेडफोन लावून एकटीने वाजवताना ऐकू आली. डी तारेवर तेराव्या आणि चौदाव्या फ्रेटचे (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) स्वर उमटायचे आणि लगेच गुदमरायचे. बाराव्यावर स्वर छान लांबायचा, पंधराव्यावरही, मधल्या दोघांवरच काहीतरी अडत होतं.

तारा फ्रेटवर घासल्या की पहिला संशय नेकवर, म्हणजे त्या दांडीवर, जातो. नेक किंचित अंतर्वक्र असावी लागते, कारण बेसची जाड तार कंप पावताना बरीच जागा घेते. हे तपासायला फार काही लागत नाही. तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरायची, की तीच सरळ पट्टी होते. मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, पाहायचं. ०.३ मिमीच्या आसपास असेल तर ठीक. माझी तेवढीच भरली. बाराव्या फ्रेटवर तारेची उंचीही (हिलाच अ‍ॅक्शन म्हणतात) नेहमीची, दोन-सव्वादोन मिमी. म्हणजे नेक बरोबर, अ‍ॅक्शन बरोबर, तरी दोन स्वर गुदमरतात. अशा वेळी ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, फिरवत बसण्यात अर्थ नसतो. ट्रस रॉड नेकच्या मधल्या भागाला वाकवतो किंवा सरळ करतो, एखाद-दुसऱ्या फ्रेटचं दुखणं त्याने बरं होत नाही.

मग फ्रेट रॉकर आणला. हा स्टीलचा छोटा चपटा तुकडा असतो, त्याची प्रत्येक कड वेगळ्या लांबीची. जी कड बरोबर तीन फ्रेटांवर बसेल ती ठेवायची आणि बोटाने दोन्हीकडून हलकेच दाबायचं. मधला फ्रेट उंच असेल तर तुकडा टकटक हलतो. चौदा, पंधरा, सोळा यांवर ठेवला आणि डी तारेखाली टकटक झाली. पंधरावा फ्रेट उठलेला होता. जी तारेकडच्या कडेला तो आणखी वर होता. नखाने दाबला की खाली बसायचा, नख काढलं की पुन्हा वर. फ्रेटबोर्डच्या कडेला दिवा धरून पाहिलं तर फ्रेटच्या खाली केसाएवढी काळी फट स्पष्ट दिसत होती. फ्रेटची खालची दातेरी पट्टी खाचेत पूर्ण बसलीच नव्हती.

हे सापडलं तेव्हा वाईट वाटलं, पण धीर सुटला नाही. उठलेला फ्रेट बसवता येतो. कारागिराचं हे रोजचं काम आहे. खरा धक्का पुढे होता.

एका गाण्यात कीबोर्डबरोबर ई तारेच्या बाराव्या फ्रेटचा स्वर लांब धरायचा होता. दोघांचा स्वर एकच, पण आवाज दर दोनेक सेकंदांनी फुगायचा आणि ओसरायचा. दोन जवळजवळ सारखे स्वर एकत्र वाजले की असे ठोके पडतात. मोकळी तार ट्यूनरवर अगदी मध्यावर होती. बाराव्या फ्रेटवर दाबली की ट्यूनर दहा सेंट चढा दाखवायचा. अर्ध्या स्वरात शंभर सेंट असतात, म्हणजे आकडा लहान वाटतो. पण त्या स्वराची वारंवारता ८२ हर्ट्झच्या आसपास, त्यात दहा सेंटांचा फरक म्हणजे साधारण अर्धा हर्ट्झ, आणि अर्ध्या हर्ट्झचा ठोका दर दोन सेकंदांनी पडतो. कानाने जे पकडलं तेच हिशोबातही येत होतं.

तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग म्हणजे ब्रिज, आणि त्यावरचा प्रत्येक तारेचा सरकता आधार म्हणजे सॅडल. चढलेला स्वर उतरवायचा तर सॅडल मागे न्यायचा, म्हणजे तार लांब होते. स्क्रू फिरवायला घेतला आणि तो फिरेचना. ई तारेचा सॅडल आधीच शेवटपर्यंत मागे होता, त्यामागची स्प्रिंग पूर्ण दबलेली. तार खराब असली तरी इंटोनेशन, म्हणजे फ्रेटवर दाबलेल्या स्वरांचा सुरेलपणा, बिघडतं, म्हणून त्याच जाडीच्या नव्या तारा चढवल्या. तरी दहा सेंट तसेच राहिले.

शेवटी स्टीलची लांब पट्टी घेऊन मोजायला बसले, आणि ज्यांना असा संशय असेल त्यांनी हे मोजमाप आधी करावं असं मी सांगेन. माझा बेस ३४ इंच स्केलचा आहे, म्हणजे नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज एवढी मोकळी तार असते. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हापासून बहुतेक बेस याच लांबीचे असतात. फ्रेटांचं गणित असं की बारावा फ्रेट बरोबर स्केलच्या मध्यावर येतो. ३४ इंच म्हणजे ८६४ मिमी, त्याचं निम्मं ४३२. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ४३२ भरले. फ्रेटबोर्ड बरोबर कापलेला होता. मग बाराव्या फ्रेटपासून ई तारेच्या सॅडलपर्यंत पट्टी लावली. तिथेही ४३२.

कागदावर हे अगदी बरोबर दिसतं, आणि दोष तिथेच आहे. तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. शिवाय जाड तार ताठ असते, त्यामुळे तो आणखी चढतो. हे भरून काढायला प्रत्येक सॅडल मध्यापेक्षा थोडा मागे असावा लागतो, बारीक जी तारेला कमी, जाड ई तारेला सगळ्यात जास्त. म्हणूनच कुठल्याही बेसच्या ब्रिजकडे पाहिलं तर सॅडल तिरक्या ओळीत दिसतात. माझ्या ई तारेला साधारण पाच मिमी मागे जायला हवं होतं, आणि पूर्ण मागे ओढूनही ती शून्यावर उभी होती. ब्रिजच पुढे बसवला होता. अख्खा ब्रिज, पाच स्क्रूंनी, व्यवस्थित घट्ट.

फ्रेट असलेल्या बेसकडून पहिली अपेक्षा काय असते? बोट ठेवलं की स्वर जागेवर यावा. डबल बेसवर ती जागा कानाने शोधावी लागते. ते कष्ट वाचावेत म्हणून तर फ्रेट असतात. त्यामुळे या दोषावर मी तडजोड करणार नव्हते.

विकणाऱ्यांना फोन केला. पलीकडचे गृहस्थ नम्र होते. म्हणाले, "मॅडम, बेस म्हटला की थोडं बझ येणारच. एकदा चांगला सेटअप करून घ्या." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मुद्दाम सांगते. अ‍ॅम्पमधून येत नाही अशी बारीक खरखर बहुतेक बेसना असते. पण मी इंटोनेशनचं सांगत होते आणि उत्तर बझचं मिळत होतं. माझ्या बोलण्यात तेव्हा सगळंच एकत्र होतं: फ्रेट, ब्रिज, खरखरणारा टोन नॉब, नटपाशी थोडी उंच असलेली ए तार, आणि जी तारेच्या सहाव्या फ्रेटवर लवकर विझणारा स्वर. एवढी लांब यादी ऐकली की ऐकणारा त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट उचलतो आणि तिचं उत्तर देतो.

म्हणून बेस घेऊन माझ्या ओळखीच्या कारागिराकडे गेले. मी त्यांना काका म्हणते. आयुष्यभर गिटारी दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी बेस हातात घेतला, हेडस्टॉककडून एक डोळा मिटून नेकवरून नजर टाकली, मग नेक आणि बॉडीचा सांधा पाहिला. नेक खाचेत नको तितकी आत गेली असेल तरीही असाच परिणाम होतो, म्हणून ते आधी तपासलं. सांधा घट्ट होता, नेक जागेवर होती. मग माझ्याच पट्टीने त्यांनी पुन्हा मोजलं.

"नट मी घासून देईन, नॉब साफ करून देईन. हे सेटअपचं काम. याची तक्रार करूच नकोस," ते म्हणाले. "सहाव्या फ्रेटचा स्वर विझतो तो नेकचा स्वभाव. तो कुणी बदलून देणार नाही."

हे डेड स्पॉटचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. नेक स्वतःही एका ठरावीक वारंवारतेला थरथरते. तारेचा स्वर त्या वारंवारतेच्या जवळ आला की तारेतली ताकद नेक शोषून घेते आणि स्वर लवकर मरतो. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या बेसवर तो बहुधा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या पट्ट्यात सापडतो, भल्या भल्या वाद्यांमध्येसुद्धा.

"आणि ब्रिज?" मी विचारलं.

"ब्रिज हलवायचा म्हणजे जुनी भोकं बुजवायची, नवी पाडायची. मला जमेल. पण नव्या वाद्याला कशाला? आणि एकदा मी हात लावला की ते म्हणतील, तुम्हीच बिघडवलंत."

हा सल्ला फार मोलाचा ठरला. फ्रेटलाही त्यांनी हात लावला नाही. तक्रार चालू असताना वाद्य जसं आलं तसंच ठेवावं. कुणी प्रेमाने "दे, मी पटकन बसवून देतो" म्हटलं तरीही. खोका आणि आतलं पॅकिंगही टाकू नये.

घरी येऊन मी यादी कापली. नट, नॉब, डेड स्पॉट, सगळं काढून टाकलं. दोनच गोष्टी ठेवल्या आणि लेखी पाठवल्या. पंधरावा फ्रेट खाचेतून उठलेला आहे: सोबत फटीचा फोटो आणि रॉकर हलतानाचा छोटा व्हिडिओ. ब्रिज पुढे बसवला आहे: नट ते बारावा फ्रेट ४३२, बारावा फ्रेट ते ई सॅडल ४३२, सॅडल पूर्ण मागे, बारावा फ्रेट दहा सेंट चढा, तारा नव्या. पट्टी लावलेले फोटो, आणि ट्यूनर दिसेल असा मोकळ्या तारेचा व बाराव्या फ्रेटचा व्हिडिओ. मनस्ताप किती झाला ते लिहिलं नाही. झाला होता, भरपूर, पण तो मोजता येत नाही आणि त्यावर वाद घालता येतो.

विकणाऱ्यांनी ते कंपनीकडे पाठवलं. उत्तर आलं की फ्रेट मोफत बसवून देऊ, आणि इंटोनेशनसाठी ई सॅडलची स्प्रिंग काढून पाहा. ही युक्ती खरी आहे, बरेच वादक वापरतात. मी करून पाहिली. सॅडल दोन मिमी मागे गेला, चढ दहावरून सहा सेंटांवर आला. पण स्प्रिंगशिवाय सॅडल सैल राहिला आणि जोरात वाजवलं की टिकटिक करायला लागला. त्याचाही व्हिडिओ केला, स्प्रिंग परत बसवली आणि तोच धागा पुढे चालवत सगळं कळवलं. शेवटी एकच प्रश्न विचारला: या मॉडेलमध्ये बाराव्या फ्रेटपासून ई सॅडलचं अंतर किती असायला हवं?

या प्रश्नाने काम केलं असं मला वाटतं. त्याचं उत्तर आकड्यात द्यावं लागतं, आणि कुठलाही प्रामाणिक आकडा ४३२ पेक्षा जास्तच येणार होता. मध्ये काही काळ शांतता होती. पैशांत थोडी सूट देऊन विषय मिटवायचा प्रस्तावही आला, तो मी नाकारला. सूट घेऊन ई तार सुरात येणार नव्हती. मग बेस बदलून देण्याचं मान्य झालं.

बदली बेस पाठवण्याआधी मी ब्रिजचा वरून काढलेला फोटो मागितला. सॅडल तिरक्या ओळीत होते आणि ई सॅडलच्या मागे स्प्रिंगला मोकळी जागा दिसत होती. बेस हातात आल्यावर आधी पट्टी लावली: ४३२, आणि ई तारेला ४३७ च्या जवळ. रॉकर एकेका तारेखालून सगळ्या फ्रेटांवर फिरवला, कुठे टकटक नाही. मगच अ‍ॅम्प लावला.

याही बेसवर जी तारेचा सहावा फ्रेट लवकर विझतो. मी त्याबद्दल काही कळवलं नाही. तो स्वर लांब धरायचा असला की डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर घेते. तोच स्वर तिथे जाडही लागतो आणि टिकतोही. नट काकांनी थोडा घासून दिला, अ‍ॅक्शन दोन मिमीवर आणली, आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोका मी माळ्यावर ठेवून दिला.