आंजर्ल्याच्या सड्यावरून: पर्जन्यमापकाचं पॅकेट अवकाशस्थानकावरून परत आलं

मंडळी, काल संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक आपल्या आकाशातून गेलं, त्या पासला आपलं पॅकेट (रेडिओवरून सोडलेला छोटा डिजिटल निरोप) परत ऐकू आलं! निरोप कोणामार्फत जावा त्या मार्गाच्या जागी मी ‘एआरआयएसएस’ हे स्थानकासाठीचं सर्वसाधारण नाव लिहिलं होतं, तिथे ‘आरएस०आयएसएस’ हे स्थानकाचं स्वतःचं चिन्हनाम लागलेलं. म्हणजे ४०० किलोमीटर वरच्या डिजिपीटरने ते उचलून पुन्हा खाली सोडलं. तीन आठवडे याच एका ओळीची वाट पाहत होतो.

नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. कड्यावरच्या गणपतीच्या पलीकडे सड्यावर पर्जन्यमापक बसवलाय, तिथे मोबाइलला रेंज नाही. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळाने वीज गेली, टॉवर बंद पडले. तेव्हापासून पावसाचा आकडा टॉवरवाचून बाहेर जायला हवा, हे मनात आहे. इरिडियम उपग्रहांच्या छोट्या मॉडेमवरून एका निरोपात ३४० बाइट जातात, पण आपल्याकडे परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. म्हणून हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्यात बसणारा रस्ता धरला: १४५.८२५ मेगाहर्ट्झ, १२०० बॉडचा वेग, आणि एपीआरएस ही रेडिओवरून छोटे निरोप पाठवायची पद्धत. पासच्या वेळी मी स्वतः रेडिओजवळ बसतो.

आता चूक कुठे होती ते. आधी अँटेनावर संशय घेतला, मग ५ वॅटचे २५ केले. काही फरक नाही. दोष होता ट्रॅकरमधून (पॅकेट तयार करणाऱ्या पेटीतून) रेडिओच्या माइकला जाणाऱ्या आवाजात. तो जास्त होता, त्यामुळे डेव्हिएशन, म्हणजे आवाजाने फ्रिक्वेन्सीचं दोन्ही बाजूंना हलणं, फार व्हायचं. शेजारी ठेवलेला रेडिओ ते बिनतक्रार डिकोड करायचा, म्हणून तिकडे लक्षच गेलं नाही. पण स्थानक क्षितिजाजवळ असताना डॉप्लरमुळे, म्हणजे त्याच्या वेगामुळे, आपली फ्रिक्वेन्सी त्याला सव्वातीन किलोहर्ट्झच्या आसपास सरकलेली दिसते. त्यात डेव्हिएशन जास्त असलं, की सिग्नलची एक बाजू रिसीव्हरच्या फिल्टरबाहेर जाते. स्थानकाची पॅकेटं आणि माझी पॅकेटं दुसऱ्या रेडिओवर आलटून पालटून ऐकली आणि दोन्ही कानाला सारखी लागेपर्यंत ट्रॅकरचा प्रीसेट (आवाज कमी-जास्त करायचा स्क्रू) कमी केला. पुन्हा ५ वॅटवर आणलं, आणि दुसऱ्याच पासला काम झालं.

अँटेना साधीच आहे, ५० सेंटिमीटरचा पाव तरंगलांबीचा उभा दांडा. डोक्यावर तिला नीट दिसत नाही, पण स्थानक तेव्हा सगळ्यात जवळ असतं, म्हणून निभावतं. तिचा खरा जोर क्षितिजाकडे, आणि इथे पश्चिमेला नुसता समुद्र. पॅकेटं पाण्याच्या रेघेपासूनच ऐकू यायला लागतात. पूर्वेच्या डोंगरामागे मात्र पास लवकर संपतो.

एका पासला दोनच पॅकेटं सोडतो. प्रत्येक अर्ध्या सेकंदाच्या आसपास, आणि त्यात फक्त पाऊस, तापमान, बॅटरी. त्या एका फ्रिक्वेन्सीवर अर्धा खंड बोलत असतो, तिथे लांबण लावणं मला पटत नाही.

मृगाच्या आधी दोन कामं उरलीत. खाऱ्या वाऱ्याने कनेक्टर हिरवा पडायला लागलाय, तो बदलून वर रबरी टेप घट्ट गुंडाळायची. आणि नेट गेल्यावर जुन्या केप्सवर (स्थानकाच्या कक्षेच्या आकड्यांवर) पासची वेळ किती सेकंद चुकते, ते आठवडाभर मोजायचं.